पांघरुणाखालची दौलत

1827 सालच्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील हॉवर्थ नावाच्या डोंगराळ गावी, धर्मोपदेशकाच्या दगडी घरात एकाच बिछान्यात निजणाऱ्या दोन बहिणींनी, घरातील वडीलधाऱ्या माणसांस सुगावा लागू न देता, काही खेळांची स्थापना केली. थोरली शार्लट त्या वेळी अकरा वर्षांची होती आणि एमिली नऊ वर्षांची. पुढे वीस वर्षांनी, 1847 साली, यांपैकी एकीची ‘जेन आयर’ आणि दुसरीची ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि ब्राँटे हे आडनाव इंग्रजी वाङ्मयात कायमचे रुजू झाले. पण त्या डिसेंबरच्या रात्री त्या केवळ दोन मुली होत्या. निजण्याचा हुकूम झाल्यावर जाग्या राहून हलक्या आवाजात मसलत करीत होत्या, आणि या मसलतीची वार्ता दाराबाहेर जाऊ द्यावयाची नाही, एवढा एकच करार त्यांच्यात झालेला होता.

हे आपणांस कळते ते शार्लटच्याच लेखणीतून. 12 मार्च 1829 रोजी, बारा वर्षांची असताना, तिने त्या सालचा वृत्तांत लिहावयास घेतला. स्वयंपाकघरातील मेजाशी ती बसली आहे. घरची जुनी मोलकरीण टॅबी न्याहारीची भांडी विसळते आहे. सर्वांत धाकटी ॲन खुर्चीवर गुडघे टेकून टॅबीने नुकत्याच भाजलेल्या केकांकडे पाहते आहे. एमिली बैठकीच्या खोलीतील गालिचा झाडते आहे. मावशी माडीवर आहे, आणि वडील व भाऊ ब्रॅनवेल कीथली गावी गेले आहेत. इतकी बारीकसारीक हकिकत दिल्यावर ती आपल्या खेळांची यादी तारीखवार देते, आणि त्या यादीत बिछान्यातील या खेळांची नोंद येते. ते गुप्त आहेत, फार सुंदर आहेत, आणि त्यांचे स्वरूप कागदावर उतरविण्याची गरज नाही, कारण ते आपल्या सदैव स्मरणात राहील, असा तिचा आशय आहे. दप्तरात नोंद करावयाची आणि मजकूर मात्र राखून ठेवावयाचा, ही बारा वर्षांच्या मुलीची सावधगिरी मला विलक्षण हृद्य वाटते. आणि तीमुळे आपली जी हानी झाली, तिचे दुःखही तितकेच वाटते.

ब्राँटे भगिनींच्या प्रतिभेचे मूळ शोधताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा घराबाहेर जाते. गावामागे पसरलेली उजाड, वाऱ्याने झोडपलेली माळराने, घराला येऊन भिडलेले कबरस्थान, एकामागून एक आलेले मृत्यू आणि एकांत, यांचा दाखला प्रत्येक चरित्रात मिळतो. यांतील काहीच खोटे नाही. 1850 साली बेंजामिन हर्शेल बॅबेज या सरकारी निरीक्षकाने हॉवर्थच्या आरोग्यासंबंधी जो अहवाल सादर केला, त्यात गावातील शेकडा 41 हून अधिक मुले वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत मरण पावतात आणि मृत्यूसमयीचे सरासरी वय 25 च्या आसपास आहे, असे आढळून आले. पण हा वारा, ही थडगी आणि ही मरणे हॉवर्थमधील प्रत्येक घराच्या वाट्याला आलेली होती. ब्राँटे यांच्या घरात अधिक काय होते, असा प्रश्न विचारला तर माझे उत्तर असे, की तेथे एकमेकांवाचून ज्यांस दुसरा सोबती नव्हता अशी चार भावंडे होती, आणि त्यांच्या रात्री त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या होत्या.

ती चारच कशी उरली, हेही सांगितले पाहिजे. वडील पॅट्रिक ब्राँटे हे मूळचे आयर्लंडमधील गरीब घरचे, स्वकष्टाने केंब्रिजपर्यंत पोहोचलेले गृहस्थ. 1820 साली ते पत्नी व सहा मुलांसह हॉवर्थच्या घरात राहावयास आले. पुढल्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1821 रोजी, त्यांची पत्नी निवर्तली. मुलांची मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल ही दूर कॉर्नवॉलमधील पेन्झन्सहून आलेली होती. ती बहिणीच्या मुलांसाठी हॉवर्थलाच राहिली आणि अखेरपर्यंत माहेरी परतली नाही. 1824 साली चार मुलींना धर्मोपदेशकांच्या मुलींसाठी काढलेल्या एका निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथून सर्वांत थोरल्या मरायाला आणि मागोमाग तिच्या पाठच्या एलिझाबेथला क्षयाने जर्जर होऊन घरी यावे लागले. पहिली 6 मे 1825 रोजी गेली आणि दुसरी 15 जून रोजी. वडिलांनी शार्लट व एमिली यांना शाळेतून काढून आणले. त्यानंतर 1831 च्या जानेवारीत शार्लट पुन्हा शिकावयास बाहेर पडेपर्यंत, जवळजवळ साडेपाच वर्षे, ही चारही भावंडे एका छपराखाली अखंड एकत्र राहिली. ज्या मरायाने आईच्या पश्चात त्यांना आईपण दिले होते, तिची जागा रिकामी होती. आणि त्या रिकाम्या जागेभोवती ती चौघे अधिकच जवळ सरकून बसली.

1826 च्या जूनमध्ये पॅट्रिक ब्राँटे कामानिमित्त लीड्सला गेले होते. ते परतले तेव्हा रात्र झाली होती आणि मुले निजली होती. ब्रॅनवेलसाठी त्यांनी लाकडी शिपायांची एक पेटी आणली होती. सकाळी उठताच ती पेटी घेऊन ब्रॅनवेल बहिणींच्या खोलीच्या दाराशी आला. शार्लट व एमिली बिछान्यातून उडी मारून उठल्या. शार्लटने एक शिपाई झडप घालून उचलला आणि हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा माझा, असे जाहीर करून टाकले. एमिलीने गंभीर मुद्रेचा एक शिपाई निवडला, त्याचे नाव ‘ग्रेव्ही’ पडले. ॲनच्या वाट्याला तिच्यासारखाच लहानखुरा, चमत्कारिक असा एक आला, त्याला ‘वेटिंग बॉय’ म्हणू लागले. ब्रॅनवेलने आपल्या शिपायाचे नाव बोनापार्ट ठेवले. सुमारे वर्षभरापूर्वी त्या घराने दुसऱ्या मुलीचे प्रेत पाहिले होते. आता तेथे बारा लाकडी माणसे आली, आणि ती मुलांच्या परवानगीवाचून मरू शकत नव्हती. मेली तरी पुन्हा जिवंत करण्याचा अधिकार मुलांनी स्वतःकडे राखून ठेवला होता.

महाराष्ट्रातील वाचकाने येथे क्षणभर थांबावे. शार्लटचा हा जो वीर, ज्याच्यावर तिने पुढे सहस्रावधी ओळी खर्ची घातल्या, तो म्हणजे आपल्या इतिहासातला आर्थर वेलस्ली. 1803 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा, 23 सप्टेंबर रोजी केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असईच्या रणावर शिंदे-भोसले यांच्या फौजेशी झुंजणारा, आणि वर्षअखेर आडगाव व गाविलगड जिंकून वऱ्हाडातील लढाईचा निकाल लावणारा तोच हा सेनापती. असईला त्याची दीड हजारांहून अधिक माणसे जखमी झाली किंवा पडली, आणि पुढे वॉटर्लूसारखा विजय पदरी पडूनही आपल्या उत्तम युद्धांत तो असईचीच गणना करीत असे. ज्या नावाने आपल्या पूर्वजांचे राज्य बुडाले, त्या नावाने यॉर्कशायरमधील एका आईवेगळ्या मुलीला रात्री धीर यावा, ही इतिहासाची गुंतागुंत मला सहजासहजी ओलांडता येत नाही. शिवाय त्या मुलांच्या कल्पनेतील बारा शूर पुरुष जहाजातून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरतात, तेथील अशांटी लोकांशी लढतात आणि त्यांच्या भूमीवर आपले काचनगर वसवितात. म्हणजे वडिलांच्या मेजावरील वर्तमानपत्रांतून साम्राज्य जसे दिसले, तसेच ते पोरांच्या खेळात उतरले. त्या मुलांना मी याबद्दल दोष देत नाही. परंतु त्यांच्या कौतुकात ही गोष्ट झाकून ठेवणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

बिछान्यातील खेळ ज्या महिन्यात सुरू झाले त्याच महिन्यातील आणखी एका रात्रीची हकिकत शार्लटने लिहून ठेवली आहे, आणि या सर्व दप्तरातील मला सर्वांत प्रिय असा कागद तोच आहे. बाहेर हिमवृष्टी आणि बोचरे वारे; आत स्वयंपाकघरात शेगडीभोवती चार मुले बसलेली. मेणबत्ती लावावी की न लावावी यावरून टॅबीशी नुकताच त्यांचा खटका उडाला होता, आणि त्यात टॅबीची सरशी होऊन मेणबत्ती काही बाहेर आली नव्हती. टॅबी ही साठीच्या आसपासची, खणखणीत यॉर्कशायरी बोलीची, मुलांवर जीव टाकणारी पण त्यांचे एक न चालू देणारी बाई; शिवाय त्या घरात दिव्याच्या बाबतीत सारेच दक्ष असत, कारण वडिलांना आगीचे मोठे भय वाटे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ब्रॅनवेल आळसावून म्हणाला, की काय करावे ते सुचत नाही. एमिली व ॲन यांनी त्याची री ओढली. तर मग निजावयास जा, असे टॅबीने फर्मावले. निजणे सोडून काहीही चालेल, असे ब्रॅनवेलचे उत्तर. तेव्हा शार्लटने विचारले, की आपणा प्रत्येकाला एकेक बेट मिळाले तर?

त्यासरशी अंधारात वाटणी सुरू झाली. ब्रॅनवेलने आइल ऑफ मॅन मागितले, शार्लटने आइल ऑफ वाइट, एमिलीने स्कॉटलंडचे ॲरन आणि ॲनने गर्न्सी. जहागिऱ्या ठरल्यावर कारभारी नेमणे आले. एमिलीने सर वॉल्टर स्कॉटला आपल्या बेटावर नेले. शार्लटने अर्थातच वेलिंग्टन व त्याचे दोन पुत्र घेतले. ब्रॅनवेलने सर ॲस्टली कूपर हा नामांकित शस्त्रवैद्य आणि ली हंट हा लेखक पसंत केला. सात वर्षांच्या ॲननेही मागे न राहता सर हेन्री हॅलफर्ड या राजवैद्याचे नाव सांगितले. आई आणि दोन बहिणी गमावलेल्या या मुलांनी आपापल्या बेटांवर राजपुरुषांच्या बरोबरीने वैद्य नेमले, हे वाचताना घशात आवंढा येतो. मसलत अशी रंगात आली असतानाच घड्याळात सातचे ठोके पडले, आणि मुलांना निजावयास पाठविण्यात आले.

सातच्या त्या ठोक्यांनंतर काय झाले? टॅबीचा अंमल स्वयंपाकघरापुरता होता, मावशीचा दिवसापुरता. माडीवर, अंधारात, शार्लट आणि एमिली यांच्या बिछान्यात कोणाचाच हुकूम चालत नव्हता. चौघांच्या खेळात ब्रॅनवेलचा आवाज मोठा असे, आणि सैनिक, लढाया व नकाशे यांवर त्याचीच हुकमत चाले. दोघींच्या खेळात ती नव्हती. त्या बोलत होत्या ते काय, हे आपणांस कळावयाचे नाही. शार्लटने सदैव स्मरणात राहील म्हणून जे लिहिले नाही, ते तिच्याबरोबर गेले. एमिलीने तर या बाबतीत एक अक्षरही मागे ठेवले नाही. परंतु तोंडाने रचलेली गोष्ट अंधारात दुसऱ्याला ऐकवावयाची, समोरचा चेहरा दिसत नसताना केवळ श्वासावरून आणि प्रश्नांवरून त्याला ती पटते आहे की नाही हे ओळखावयाचे, आणि झोपेने त्याला गाठण्यापूर्वी उत्कंठा लावून ठेवावयाची, हे कथनविद्येचे शिक्षण कोणत्या पाठशाळेत मिळते? पुढे ‘जेन आयर’मध्ये रात्रीच्या वेळी वरच्या मजल्यावर ऐकू येणारे हास्य वाचकाला जागच्या जागी खिळवून ठेवते, अंधारातील आवाजाची ती जाण त्या बिछान्यात जोपासली गेली, असे मी समजतो.

जे लिहिले गेले तेही दडवूनच. 1829 च्या जानेवारीत ब्रॅनवेलने, वडिलांना वाचावयास मिळणाऱ्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’च्या धर्तीवर, स्वतःचे मासिक काढले, थोड्याच महिन्यांत संपादकपद शार्लटकडे आले, आणि त्यानंतर तिने ‘यंग मेन्स मॅगझिन’ चालविले. या अंकांची पाने आगपेटीच्या आकाराची. छापील टंकाची नक्कल करणारी अक्षरे इतकी बारीक, की आज भिंगावाचून ती वाचता येत नाहीत. पाने हाताने शिवलेली आणि वेष्टन म्हणून साखरेच्या पुड्याचा किंवा असाच टाकाऊ कागद. आत कथा, काव्ये, अनुक्रमणिका, पुस्तकपरीक्षणे, जाहिराती, सारे काही यथासांग. हा आकार शिपायांच्या हातात शोभावा म्हणून निवडलेला होता. पण त्यामुळे मावशीच्या आणि वडिलांच्या दृष्टीपासून त्या राज्याचे आपोआप रक्षण झाले, हाही लाभ लहान नव्हता. 1833 च्या नाताळात वडिलांनी शार्लटला एक कोरी वही दिली आणि तिच्यात जे लिहावयाचे ते स्वच्छ व सुवाच्य अक्षरात लिहावे, अशी सूचना तीवर लिहिली. यावरून, मुले काय लिहितात हे त्यांना वाचता येत नसले, तरी लिहितात हे ते जाणून होते. त्यांनी ते उघडून पाहण्याचा हट्ट धरला नाही. या एका संयमासाठी वाङ्मयाने त्या गृहस्थांचे ऋण मानले पाहिजे.

शार्लट शाळेत गेल्यावर धाकट्या दोघींनी थोरल्यांच्या राज्यातून फुटून ‘गोंडल’ नावाचे स्वतंत्र बेट वसविले. 1845 च्या जून महिन्याच्या अखेरीस एमिली आणि ॲन या यॉर्कच्या लहानशा सफरीवर निघाल्या तेव्हा एमिली सत्ताविशीला आली होती, ॲन पंचवीस वर्षांची होती. आणि त्या प्रवासभर दोघी गोंडलमधील पळून जाणारी राजनिष्ठ पात्रे होऊन वावरल्या, असे एमिलीने आपल्या टिपणात आनंदाने नमूद केले आहे. गोंडलचे गद्य समूळ नष्ट झाले आहे. उरल्या त्या केवळ कविता. त्याच सालच्या शरद ऋतूत एमिलीच्या कवितांची वही शार्लटच्या दृष्टीस पडली. एमिलीचा क्षोभ शांत करावयास काही तास लागले आणि त्या छापाव्यात हे पटवावयास कित्येक दिवस. 1846 साली तिघींचा कवितासंग्रह करर, एलिस व ॲक्टन बेल या टोपणनावांनी, स्वतःच्या खर्चाने निघाला. पहिल्या वर्षात त्याच्या दोन प्रती खपल्या. घरात वडिलांना याची वार्ता नव्हती. ‘जेन आयर’ची कीर्ती पसरल्यावर शार्लटने ती त्यांना सांगितली. ब्रॅनवेलला अखेरपर्यंत काही कळले नाही, असे शार्लटनेच लिहून ठेवले आहे. पेटी हातात घेऊन दाराशी आलेला तो मुलगा तोवर अपयश, मद्य आणि अफू यांच्या खाईत गेला होता, आणि बहिणींच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या खेळात त्याला जागा उरली नव्हती. या गोष्टीतील खरी शोकांतिका मला हीच वाटते.

रात्रीची वहिवाट मात्र त्या घरात टिकून होती. रोज नऊ वाजता वडील बैठकीच्या दारातून डोकावून मुलींना फार जागू नका असे सांगत, जिन्याच्या मध्यावरील उंच घड्याळाला किल्ली देत आणि निजावयास जात. मग तिघी हातातले शिवण बाजूला ठेवून मेजाभोवती येरझारा घालू लागत. काटकसर म्हणून मेणबत्त्या पुष्कळदा विझविलेल्या असत आणि शेगडीच्या उजेडावरच भागे. या येरझाऱ्यांत आपापल्या कादंबऱ्यांची कथानके त्या एकमेकींना सांगत, भांडत, बदलत, वा न बदलण्याचा निश्चय करीत. ‘जेन आयर’, ‘वदरिंग हाइट्स’ आणि ‘ॲग्नेस ग्रे’ ही तिन्ही पुस्तके 1847 च्या अखेरच्या तीन महिन्यांत बाहेर पडली, त्यांचा खल या मेजाभोवती झालेला आहे.

24 सप्टेंबर 1848 रोजी ब्रॅनवेल गेला. 19 डिसेंबरला एमिली गेली. 28 मे 1849 रोजी ॲनने स्कारबरोच्या समुद्रकाठी देह ठेवला. त्यानंतर शार्लट रात्री त्या खोलीत एकटीच येरझारा घालीत असे; तो एकटा पदरव ऐकून जीव गलबलतो, असे घरच्या मोलकरणीने चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल यांना सांगितले. 31 मार्च 1855 रोजी शार्लटही गेली. सहाही मुलांच्या पश्चात वडील सहा वर्षे जगले.

त्या इवल्या मासिकांचे पुढे काय झाले, हे आपल्या कामाचे आहे. शार्लटचे पती आर्थर बेल निकल्स यांनी ती आयर्लंडला नेली आणि जपली. 1895 साली क्लेमेंट शॉर्टर यांनी ती त्यांच्याकडून विकत घेतली, आणि टी. जे. वाइज या संग्राहकाच्या हातात गेल्यावर त्यांची फाटाफूट होऊन ती देशोदेशी पांगली. 1928 पासून हॉवर्थचे ते घर संग्रहालय म्हणून खुले आहे, आणि त्या संग्रहालयाला 2019 साली ‘यंग मेन्स मॅगझिन’चा एकच अंक पॅरिसच्या लिलावात परत मिळवावयास सहा लाख युरोंची बोली द्यावी लागली. 1829 सालची शार्लटची दहा कवितांची पंधरापानी वही 2022 साली साडेबारा लाख डॉलर्सना घेऊन तेथे पोहोचविण्यात आली.

आपल्याकडेही वाड्यांतून, चाळींतून, बहीणभावांनी आणि चुलत-मावस भावंडांनी मिळून काढलेली हस्तलिखित मासिके होती. शाईची चित्रे, चिकटविलेली पाने आणि संपादक म्हणून सर्वांत थोरल्या ताईचे किंवा दादाचे नाव असलेली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली असेल आणि तीत असा एखादा अंक सापडला असेल, तर वाचकहो, तो रद्दीत घालू नका. ज्यांनी तो काढला त्यांपैकी कोणी हयात असेल तर त्यांच्याकडून त्यावर सर्वांची नावे, तारीख आणि घराचा पत्ता लिहवून घ्या. आणि त्या रात्री काय खेळत होता, हेही विचारून ठेवा.